गिऱ्हाईक बाहेर उभं असायचं तेव्हाचं दुकान

महाद्वार रोडला आमच्या मामांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. सुट्टीत कोल्हापूरला गेलो की रात्री साडेआठला एक काम माझ्याकडे असायचं, फळ्यांचे आकडे वाचून दाखवायचं. शटर येण्याआधी दुकानाला फळ्या असत. वरच्या चौकटीत एक खाच, खाली उंबऱ्यात एक खाच, वरची जरा जास्त खोल. फळी आधी वरच्या खाचेत घुसवायची, मग खालच्या खाचेत सोडायची आणि सरकवत टोकाला न्यायची. आमच्याकडे ११ फळ्या होत्या, प्रत्येकीवर डांबराने काढलेला आकडा. चौथ्या जागी पाचवी लावली तर बसायची नाही, कारण ऊन-पाऊस खाऊन प्रत्येक फळी आपापल्या परीने वाकलेली. शेवटच्या फळीला कडी-कोयंडा आणि आतून आडवा अडसर.

सकाळी हाच खेळ उलटा. एकेक फळी निघायची आणि ११ फळ्या निघाल्या की दुकान आणि रस्ता यांच्यात काहीच उरायचं नाही. वर माडी, माडीवर पोती, त्याच्यावर कौलं, आणि खाली समोरची भिंतच गायब! हे सगळं उभं कशावर आहे, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. पुढे एका शेजाऱ्याने दुकान 'मोठं' करायला काढलं आणि मामांच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली, तेव्हा पडला.

गुजरी, महाद्वार रोड, जोतिबा रोड, भाऊसिंगजी रोड या भागांत अशी जुनी दुकानं अजून थोडीफार तग धरून आहेत. फ्लेक्सच्या वर मान करून बघितलं की दिसतात. तशी एक इमारत कशी उभी राहते, ते आता सांगतो.

मुळात दुकानाला पुढे भिंत नको असते. घराला हवी असते, आडोसा पाहिजे म्हणून. दुकानाला माल दाखवायचा असतो. म्हणून या इमारतींचं वजन भिंतींवर सोडलेलं नसतं, ते लाकडी सांगाड्यावर असतं. उभे खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर जवळजवळ टाकलेल्या कड्या, कड्यांवर पाट. शेवटच्या दोन्हींना मिळून कडीपाट म्हणतात. वरच्या मजल्याची जमीन तीच आणि खालच्या दुकानाचं छतही तेच. बाजूच्या भिंती दोन-दोन फूट जाड दिसतात, पण कित्येकदा त्यांच्या पोटातही खांब दडलेले असतात. भिंत बरीचशी भर असते, थंडावा आणि चोरापासून राखण यांसाठी. (महाद्वार रोडच्या टोकाला बिनखांबी गणेशाचं मंदिर आहे. बिनखांबी म्हणून एका देवळाचं नाव पडावं, यावरूनच खांब ही इथली किती नेहमीची गोष्ट होती ते कळतं.)

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. जुनी माणसं घर चौरस फुटांत मोजत नसत. 'तीन खणी', 'पाच खणी' असं सांगत. एक खण साधारण ५-६ फुटांचा. एवढाच का? लाकूड वाकतं म्हणून. घरातली फूटपट्टी घ्या, दोन पुस्तकांवर टोकं टेकवा आणि मधे बोटाने दाबा. लगेच वाकेल. आता तीच पट्टी आडवीची उभी करा, म्हणजे धारेवर, आणि दाबा. वाकत नाही. लाकूड तेवढंच, फक्त त्याची उंची वाढली. वाकण्याला विरोध करण्यात रुंदीपेक्षा उंचीचा वाटा फार मोठा असतो. उंची दुप्पट केली की ताठपणा ८ पट होतो. चांगल्या सुताराने बसवलेली तुळई म्हणूनच रुंदीपेक्षा उंचीला जास्त असते. अंतराचा हिशोब मात्र याच्या उलट आणि जास्त निर्दय आहे. वजन सारखं पसरलेलं असेल तर दोन खांबांतलं अंतर दुप्पट केल्यावर त्याच तुळईला १६ पट बाक येतो. दुप्पट नाही, चौपटही नाही, १६ पट. मधला एक खांब काढणं म्हणजे नेमकं हेच करणं.

मामांना हे गणित येत नव्हतं, पण ते जगत होते. माडीवर पोती चढवताना हमालांना त्यांची एकच ताकीद असे, "खांबाच्या डोक्यावर थप्पी लावा, मधे न्हाई." तेव्हा पोतं १०० किलोचं असे, १० पोती म्हणजे एक टन. तेच एक टन खांबाजवळ ठेवलं तर जवळपास सरळ खाली जमिनीत उतरतं, खणाच्या मधे ठेवलं तर तुळई वाकवतं. काही तुळयांना मधे आलेला बाक आजही दिसतो. तो बघून लोक घाबरतात, पण नुसत्या बाकाने घाबरायचं कारण नाही. सागवानाला झेपेल एवढं वजन वर्षानुवर्षं दिलं की ते थोडं दबतं आणि मग बहुधा तिथेच थांबतं. भीती असते ती तुळईच्या टोकाची, जिथे ती भिंतीत शिरते. वरची पन्हळ गळत असेल तर पाणी नेमकं तिथे मुरतं, आणि दिसायला ठणठणीत तुळई भिंतीच्या आत कुजून भुसा झालेली असते. जुने सुतार तिथे हातोडीच्या दांड्याने ठोकून बघतात. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर उकरायला लागतं.

खांब कधी थेट मातीत पुरलेला नसतो. त्याच्याखाली दगडी तळखडा असतो. लाकडाचं टोक म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा; ओल्या जमिनीवर ठेवला की पाणी वर ओढतो. मधे काळ्या दगडाचा तुकडा आला की ही ओढ तुटते, आणि वाळवीलाही वर चढताना उजेडात यावं लागतं. खांबाच्या वरच्या टोकाला एक जीभ काढलेली असते, तिला सुतार कुसू म्हणतात. ती तुळईच्या भोकात बसते, कधी वर लाकडाचीच खुंटी ठोकलेली. असा सांधा किंचित हलतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने कोल्हापूरही हादरलं होतं. अशा हादऱ्यात सांगाड्याचं हे कुरकुरणंच त्याच्या फायद्याचं ठरतं. कडक वस्तू तडकते, सैल सांधा धक्का थोडा खाऊन टाकतो.

आता जोत्याकडे या, कारण मला विचाराल तर दुकानाची खरी गोष्ट जोत्यात आहे. घडीव दगडाचं, रस्त्यापासून सुमारे अडीच फूट उंच. पावसाचं पाणी आत येऊ नये हे कारण आहेच. पण मामा ज्या गादीवर बसायचे तिथून बघा. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे बैठकीपासून अडीच फुटांच्या आसपास असतात. त्यात जोत्याचे अडीच फूट मिळवा. रस्त्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना डोळे भिडतात. दुकानदार बसलेला, गिऱ्हाईक उभं, आणि दोघं समोरासमोर. तराजू मधे, गल्ला मांडीजवळ, मागे हात जाईल तिथे डबे. गिऱ्हाइकाने आत यायचंच नव्हतं! ही सगळी इमारत बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी बांधलेली आहे. हे लक्षात घेतलं की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

उदाहरणार्थ सज्जा. माडीचा पुढचा भाग तीन-चार फूट रस्त्यावर झुकलेला असतो. खाली उभ्या गिऱ्हाइकाला ऊन लागू नये, पागोळ्या त्याच्या डोक्यावर पडू नयेत, फळ्या भिजू नयेत, हे त्याचं काम. सज्जाला पुढच्या बाजूने खांब नाही, मग तो पडत कसा नाही? दुकानातल्याच तराजूचा विचार करा. माडीच्या कड्या आतून येतात, पुढच्या खांबांवरच्या तुळईवर टेकतात आणि तशाच पुढे बाहेर निघतात. आतल्या टोकावर माडीचं वजन, बाहेरच्या टोकावर सज्जाचं. मधली तुळई हा तराजूचा काटा. आतलं पारडं जड आहे तोवर बाहेरचं झुकत नाही. शिवाय खालून तिरके लाकडी टेकू दिलेले असतात, ते थोडं वजन खांबाच्या अंगावर परत आणतात.

वर्षातून एकदा या तराजूची परीक्षा होते. गणपती विसर्जनाची मिरवणूक मिरजकर तिकटीवरून बिनखांबी गणेश मंदिराला येते, महाद्वार रोडने पापाची तिकटी, तिथून गंगावेशीकडे; पूर्वी ती पुढे पंचगंगेला जायची. त्या रात्री सज्जात सगळं खानदान, पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे. एरवी तिथे वाळत घातलेले पापड असतात, त्या रात्री २५ माणसं. सरासरी ६० किलो धरलं तर दीड टन, तेही कठड्याला खेटून, म्हणजे काट्यापासून सगळ्यात लांब. आत माडीवर तेव्हा कुणीच नसतं. पूर्वी तिथे पोती तरी असत. आता माडी बहुतेक ठिकाणी रिकामी आहे, म्हणजे आतलं पारडंही हलकं. आमच्या मामी दरवर्षी अर्ध्या मंडळींना आत हाकलतात. त्यांचा हेतू चहाचे कप सांभाळण्याचा असतो, पण स्थापत्यशास्त्र त्यांच्या बाजूने आहे.

दोन खांबांच्या मधे वर जी नक्षीदार कमान दिसते ती महिरप. ती वजन घेत नाही. खरी दगडी किंवा विटांची कमान वजन बाजूंना ढकलते आणि ते ढकलणं झेलायला दोन्हीकडे भक्कम भिंत लागते. बारीक लाकडी खांब त्या रेट्याने फाकले असते. महिरप ही फळीतून कापलेली शोभा आहे. खऱ्या कमानी बघायच्या तर टाऊन हॉलकडे जा किंवा नव्या राजवाड्यात. ती कामं मेजर चार्ल्स मँट यांची, राजवाडा १८७७ ते १८८४ मधला. त्यानंतर पेठेतल्या दुकानांच्या माडीवरही गिलाव्याच्या टोकदार कमानी, रंगीत काचा, फुलांचे गुच्छ असं बरंच काही आलं. राजाने बांधलं की प्रजेने गिलाव्यात काढायचं, हे चालतंच.

दुकानाचं तोंड अरुंद, पोट मात्र लांबच लांब. बाजारपेठेत रस्त्याकडची बाजू महाग, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला १२-१५ फूट तोंड आणि मागे ७०-८० फूट खोली. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, तेव्हा तिथे खिडकी काढता येत नाही. मग मधल्या खणांना उजेड कुठून? चौकातून. दुकानामागे सोपा, मग उघडा चौक, त्यापलीकडे माजघर आणि शेवटी परसू. चौक हा उजेडाचा आड आहे, आणि धुराड्यासारखाही चालतो. तापलेली हवा चौकातून वर जाते, तिची जागा घ्यायला रस्त्याकडची हवा दुकानातून आत ओढली जाते. एप्रिलमध्ये मामांच्या गादीवर पंख्याशिवाय झोप लागायची ती यामुळे. चौकात पडलेलं पावसाचं पाणी दुकानाच्या जमिनीखालून दगडी मोरीने रस्त्याच्या गटारात जायचं. पुढे चकचकीत फरशा बसवताना कित्येकांनी ही मोरी बुजवली, चौकावर पत्रा टाकला, आणि मग भिंतींना ओल का येते म्हणून गवंड्याला विचारत बसले.

आखून वसवलेली पेठ आणि आपोआप वाढलेली पेठ यांतला फरक शाहूपुरी बघितली तर चटकन कळतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारासाठी वसवलेली ती पेठ, आखून वसवलेली, म्हणून तिथे गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. गुळाच्या गाड्या आत यायच्या, तेव्हा दारं रुंद आणि जागा ऐसपैस. गुजरी कुणी आखली नाही. ती माणसांच्या गर्दीने आपोआप घडली.

भिंतींबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती महत्त्वाची आहे. या भिंती विटा, माती आणि चुन्याच्या. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेली कळी पाण्यात विरवायची, वाळू किंवा विटांचा चुरा घालून बैलाने फिरवायच्या घाण्यात मळायची. कुठे त्यात गुळाचं पाणी, कुठे हिरडा. भिंतीला लावल्यावर हा चुना हवेतला तोच वायू परत शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. हे काम महिनोन्महिने चालतं. असा गिलावा श्वास घेतो, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. वरून सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते, आणि ती जिथे लाकूड सापडेल तिथे जाते. भिंत बाहेरून नवी दिसते आणि आतला खांब कुजतो. जुन्या दुकानाचं सगळ्यात जास्त नुकसान मी सिमेंटच्या पोत्याने झालेलं बघितलंय, तेही चांगल्या भावनेने.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. जड माल लांबून आणणं सोपं झालं आणि बाजारातल्या इमारतींचं रूप बदलायला लागलं. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला होता. ती खाचेत खाच बसणारी मंगलोरी कौलं सगळीकडे पसरली. त्याआधीची नळीची कौलं दर उन्हाळ्यात चाळून परत बसवावी लागत, माकडं आणि मांजरं ती सरकवत.

पण खरी उलथापालथ केली लोखंडी गर्डरने. गर्डरचा छेद रोमन आय अक्षरासारखा असतो, वर पट्टी, खाली पट्टी, मधे पातळ पत्रा. असं का? तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा काठ दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या भागाला फारसं काम नसतं. मग माल तिथे कशाला घालायचा? तो वर आणि खाली नेऊन ठेवला. फूटपट्टी धारेवर उभी करण्याचीच ही पुढची पायरी. त्यामुळे ५-६ फुटांचा खण १२ फुटांचा करता आला, पुढचे मधले खांब काढता आले. दोन गर्डरांमधे विटांची चपटी कमान घालून केलेली छतंही तेव्हाचीच.

खांब हटले आणि गिऱ्हाईक आत आलं. आधी जोत्याला पायऱ्या आल्या, मग बाकडं, मग काउंटर. गादी गेली, खुर्ची आली. दुकानदार उभा राहिला, तर त्याला जोत्याची उंची नकोशी झाली. इकडे रस्त्यावर डांबराचे थरांवर थर चढत होते, त्यामुळे अडीच फुटांचं जोतं आपसूक दीड फुटांवर आलं. उरलेलं काहींनी खणून काढलं आणि जमीन रस्त्याच्या पातळीला आणली. यात दोन गोष्टी होतात. पावसाचं पाणी आत येतं, आणि तळखड्याच्या आजूबाजूची माती जाऊन तो उघडा पडतो. आपण ज्याला नुसती जमीन समजतो ती त्या दगडाला चारी बाजूंनी धरून बसलेली असते.

आता तो शेजारी. त्याला काचेचा दर्शनी भाग हवा होता आणि मधला खांब आडवा येत होता. कंत्राटदाराने दोन दिवसांत खांब काढला आणि वरच्या तुळईला लोखंडी अँगल मारला. अँगल जाड होता, पण त्याची टोकं कुठे टेकवली? एक टोक सामाईक भिंतीत, मातीच्या विटांवर. जे वजन आधी खांबावरून तळखड्यावर आणि तिथून जमिनीत जात होतं, ते आता मामांच्या भिंतीच्या एका विटेवर आलं. वीट चुरली, भिंत बसली, चीर पडली. अँगल मात्र जसाच्या तसा, जरासुद्धा वाकला नाही! कंत्राटदार तेच दाखवत होता.

वजन नाहीसं होत नाही, ते फक्त वाट बदलतं. म्हणून जुन्या दुकानात काहीही हलवण्याआधी वरून खाली वजनाची वाट शोधायची. आढ्यावरून वाशांवर, तिथून माडीच्या खांबावर, त्याच्या बरोबर खाली दुकानाचा खांब आहे का, त्याखाली तळखडा आहे का. माडीचा खांब दुकानाच्या खांबाच्या डोक्यावर नसेल तर मधे कधीतरी कुणीतरी काहीतरी हलवलंय, असं समजा आणि तिथून हाक मारा संरचना अभियंत्याला. इंटिरिअरवाल्याला नंतर.

उंचीचाही एक मुद्दा आहे, तो फक्त कोल्हापूरचा. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या संध्याकाळी मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, तो किरणोत्सव. या दोन तारखा २१ डिसेंबरपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, एक आधी आणि एक नंतर. म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. मावळता सूर्य क्षितिजापासून ३ अंशांवर असेल तर किरण जवळजवळ आडवा येतो. १०० मीटर अंतरावरची इमारत, किरण देवळात जिथे पोहोचायचा त्या पातळीपेक्षा फक्त साडेपाच मीटर उंच असली तरी तो अडतो. जुन्या माडीला आणि कौलांच्या उताराला हे बेतात बसत होतं. त्याच जागी आता तीन मजले उठतात, वर पाण्याची टाकी, तिच्यावर जाहिरातीचा फलक. किरण नीट पोहोचले का, ही चर्चा मग चहाच्या टपरीवर सुरू होते.

मामांची भिंत वाचली. वयाने साठी ओलांडलेला एक सुतार आला, त्याने आधी काहीच तोडलं नाही, दोन दिवस नुसते टेकू लावले. मग शेजाऱ्याशी बोलून सामाईक भिंतीलगत नवा सागवानी खांब उभा केला, खाली नदीकाठच्या जुन्या घरातून आणलेला तळखडा, आणि अँगलचं टोक भिंतीतून काढून त्या खांबावर घेतलं. चीर चुन्याने भरली. भरताना त्याने तिच्यावर काचेची एक पट्टी चिकटवली आणि तारीख लिहिली. भिंत पुन्हा हलली तर काच आधी फुटेल. चार पावसाळे झाले, काच शाबूत आहे. मामा रोज सकाळी शटर वर केल्यावर आधी देवाला उदबत्ती लावतात आणि मग ती काच बघून येतात.